गोळी उलटीची, नाव वेडाचं

डॉक्टर ताई, नमस्कार. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. चार एकर वावर, कापूस अन् तूर. आई ४६ वर्षांची. मागच्या पोळ्याच्या आधी तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, मग आठ केमो, मग शेक (रेडिएशन). आता गाठ परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन चालू आहे, काही वर्षं घ्यावी लागेल म्हणाले. केमोच्या वेळी चिठ्ठीवर ओलान्झापिन नावाची गोळी होती. मावसभावानं मोबाइलवर नाव टाकलं तर ‘स्किझोफ्रेनियाची गोळी’ असं निघालं. आम्हाला राग आला. आईला गाठ आहे, ती पागल थोडीच आहे! दोन केमोला ती गोळी दिली नाही. त्या दोन्ही वेळा आईला इतक्या उलट्या झाल्या की तालुक्याला सलाइन लावावं लागलं.

आता दोन महिन्यांपासून आई गप्प असते. रात्री अंगातून वाफा निघतात, घामानं भिजून उठून बसते. नातीशीही बोलत नाही. “मी कायले जगून राहिली,” असं दोनदा म्हणाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम अन् पॅरॉक्सेटिन लिहून दिल्या. क्लोनाझेपाम झोपेची आहे, दीड महिन्यापासून रोज देतो. पॅरॉक्सेटिन मानसिकची आहे, सवय लागते म्हणतात, म्हणून पाकीटही फोडलं नाही. झोपेच्या गोळीला आम्ही ‘ताकदीची गोळी’ म्हणतो. पण माझ्या चौथीतल्या पोरीनं पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हापासून आई प्रत्येक गोळी उलटसुलट करून पाहते. बाबा म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं तर बहिणीचं लग्न जुळणार नाही. नागपूरचे डॉक्टर चुकले का? केमोनं आईच्या डोक्यावर परिणाम झाला का? कोणती गोळी देऊ अन् कोणती नको?

— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

भाऊ, गोळ्यांचं सांगतेच. पण पत्रात एक वाक्य तुम्ही मधेच लिहून पुढं निघून गेलात, माझं मन तिथंच अडकलं. “मी कायले जगून राहिली.” आजारानं थकलेलं माणूस असं सहज म्हणूनही जातं. पण तुमची आई हे दोनदा म्हणाली आणि नातीशीही बोलेनाशी झाली. त्यामुळं हे ‘बाया असंच बोलतात’ यात ढकलू नका.

आपल्याकडं ‘औषध’ या शब्दाला दोन अर्थ आहेत: दवाखान्यातलं आणि फवारणीचं विष. नवीन असताना मी ओपीडीत एका बाईला विचारलं, “घरी कोणी औषध घेतलं का?” मला ब्लडप्रेशरची गोळी विचारायची होती. ती एकदम रडायलाच लागली. सहा महिन्यांपूर्वी तिच्या दिरानं ‘औषध घेतलं’ होतं. तेव्हापासून मी ‘गोळी’ म्हणते. तुमच्याकडं पेरणी झाली असेल, फवारणीचे डबे घरात आले असतील. तुम्ही दिवसभर वावरात आणि आई घरी एकटी. ते डबे आजच कुलपात घाला, किल्ली स्वतःजवळ ठेवा. शेजारच्या कोणाकडं कुलपाची खोली असेल तर तिथं ठेवले तरी चालतील. झोपेच्या गोळ्यांचं पाकीटही आईच्या उशाशी नको, घरातल्या एका मोठ्या माणसाकडं ठेवा.

आणि आईला सरळ विचारा. तुमच्या भाषेत विचारा, माझ्या नको: “माय, जीव द्यावा असं मनात येते का?” विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घुसेल ही भीती खोटी आहे. बहुतेक वेळा माणसाला मोकळं वाटतं, की कोणीतरी विचारलं. ती ‘हो’ म्हणाली, किंवा काही बोललीच नाही आणि तुम्हाला शंका आली, तर तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. मधल्या वेळात १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्रीही फोन उचलतात.

आता ती ‘पागलाची’ गोळी. नागपूरचे डॉक्टर चुकले नव्हते. ओलान्झापिन मुळात स्किझोफ्रेनियासाठी निघालं, मोबाइलवर दिसलं ते खोटं नाही. पण एकाच विळ्यानं चाराही कापतात आणि तूरही सोंगतात. उलटीचा जो निरोप मेंदूत पोचतो, तो डोपामिन, सेरोटोनिन अशा रसायनांच्या वाटांनी जातो. ओलान्झापिन त्यातल्या एकाच नाही, बऱ्याच वाटा एकदम अडवतं. म्हणून ज्या केमोनं हमखास जोराची उलटी होते, उदाहरणार्थ छातीच्या गाठीला देतात ते ‘लाल औषध’, तिथं बाकीच्या उलटीच्या औषधांसोबत ओलान्झापिन जगभर देतात. रात्री एक गोळी, केमोच्या दिवसापासून साधारण चार दिवस, बस. आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयातला अभ्यास २०२४ साली छापून आला. त्यात बहुतेक छातीच्या गाठीच्याच बाया होत्या. १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमची लहान गोळी दिली, तरी उलटी तेवढीच आटोक्यात राहिली आणि दिवसाची गुंगी कमी झाली.

याच गोळीचा आणखी एक उपयोग आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेनं २०२३ साली जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना केमोसोबत ही २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज, १२ आठवडे दिली. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले रुग्ण गोळीच्या गटात १०० मागे ६० होते, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत ९. ज्या घरात कॅन्सरचा माणूस ताट बाजूला सारतो, त्या घरालाच कळेल या आकड्याचा अर्थ.

दोन केमोत आईला त्रास झाला, त्याचं ओझं तुमच्या पत्रात जागोजागी दिसतं. मला विचाराल तर चूक चिठ्ठी लिहिणाऱ्याचीही आहे. “ही उलटीसाठी आहे, मोबाइलवर वेगळं दिसेल, घाबरू नका,” एवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. ओपीडीबाहेर शंभर माणसं उभी असताना तो अर्धा मिनिटही निघत नाही, हे मी आतून पाहिलं आहे. पण तो काढायला हवा. त्या केमोत उलट्या झाल्या म्हणून गाठीवरचा उपचार वाया गेला, असं मात्र नाही. सलाइनमधून गेलेलं औषध उलटीवाटे बाहेर पडत नसतं.

अशा आणखी गोळ्या तुम्हाला चिठ्ठीवर दिसतील. खर्र्यानं (तंबाखू-सुपारीनं) तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत. ऑपरेशननंतर त्यांच्या गालात-मानेत जळजळ राहते, तेव्हा अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, झोपताना १० किंवा २५ मिलिग्रॅम. ती आहे उदासीनतेची (डिप्रेशनची), पण या छोट्या मात्रेत शिरांच्या दुखण्याला लागू पडते. तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं, म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडू शकते, तेवढं लक्षात ठेवायचं. केमोनंतर तळपायात मुंग्या आणि वेदना राहिल्या तर ड्युलॉक्सेटिन देतात. भूक आणि झोप दोन्ही गेलेल्याला मिर्टाझापिन. नाव मनाच्या आजाराचं, काम शरीराच्या तक्रारीचं. म्हणून मोबाइलवर नाव टाकण्याआधी चिठ्ठी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ही गोळी माझ्या आईला *कशासाठी*?

आता कपाटातलं ते न फोडलेलं पाकीट. ते तसंच राहू द्या. पण तुम्ही धरलेल्या कारणासाठी नाही.

टॅमॉक्सिफेन म्हणजे वेचून आणलेला कापूस समजा. जिनिंगमध्ये सरकी निघाल्याशिवाय त्याची रुई होत नाही. टॅमॉक्सिफेनचंही जिनिंग होतं, यकृतात. तिथलं एक एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन करतं, आणि गाठ परत येऊ नये म्हणून खरं काम करणारं ते आहे. पॅरॉक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतं. फ्लुऑक्सेटिनही तेच करतं. म्हणजे आई टॅमॉक्सिफेन रोज न चुकता घेईल, घरात कापसाचा ढीग लागेल, पण जिनिंगला टाळं. २०१० साली कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या बायांचा अभ्यास आला. त्यात टॅमॉक्सिफेनच्या काळात पॅरॉक्सेटिन जितके जास्त दिवस सोबत घेतलं, तितके छातीच्या कॅन्सरनं मृत्यू जास्त दिसले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तेवढाच परिणाम दिसला असं नाही, आणि तज्ज्ञ अजून त्यावर वाद घालतात. माझं मत साधं आहे: दुसऱ्या गोळ्या मिळत असताना ही जोखीम का घ्यायची?

तालुक्याच्या डॉक्टरांवर चिडू नका. पॅरॉक्सेटिन कमी मात्रेत अंगातल्या वाफांनाही लागू पडतं. वाफा आणि उदासी दोन्हींना एकच गोळी, असा त्यांचा विचार असणार, आणि विचार चांगलाच होता. फक्त टॅमॉक्सिफेनचा कागद त्यांच्या टेबलावर नव्हता. होता का? बहुतेक नागपूरची फाइल घरी राहिली आणि तालुक्याला नुसती आई गेली.

हेच काम टॅमॉक्सिफेनला धक्का न लावता करणाऱ्या गोळ्या आहेत. व्हेनलाफॅक्सिन वाफाही कमी करतं आणि मनही उचलतं, त्यामुळं तुमच्या आईसारखीच्या बाबतीत डॉक्टर आधी त्याचा विचार करतात. एस्सिटालोप्रॅमही चालतं. मी इथं नाव छापलं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. व्हेनलाफॅक्सिननं काहींचं ब्लडप्रेशर वाढतं, ते आधी मोजायला हवं. आणि ज्यांनी आधीच पॅरॉक्सेटिन चालू केलं आहे, त्यांनी हे वाचून उद्या सकाळी ते बंद करायचं नाही. चक्कर, कासाविशी, झटके आल्यासारखं वाटणं असा त्रास होतो. डॉक्टरांना सांगून हळूहळू बदलायचं असतं.

सवयीचं बोलू, कारण इथं तुमचं गणित उलटं झालं आहे. ज्या गोळीची सवय लागते ती तुम्ही दीड महिना रोज दिली, आणि जिचं व्यसन लागत नाही ती सवयीच्या भीतीनं कपाटात ठेवली. हे तुमचंच नाही, मी भेटलेल्या दहातल्या आठ घरांत असंच घडतं. झोपेची गोळी त्याच रात्री गुण दाखवते, म्हणून ती ‘चांगली’. उदासीनतेची गोळी दोन ते चार आठवडे काहीच दाखवत नाही, उलट पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी देते, म्हणून ती ‘वाईट’.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या एका घरच्या बहिणी. केमोच्या खुर्चीत बसण्याआधीच, दवाखान्याच्या वासानंच ज्यांना उलटी होते, त्यांना लोराझेपामचा खरंच उपयोग होतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीसाठी, चार-आठ दिवसांच्या घबराटीसाठी या गोळ्या बऱ्या. पण महिन्यामागून महिने रोज घेतल्या तर शरीर त्यांच्यावर टेकतं, मग तेवढ्यानं झोप येत नाही, दुपारीही जडपणा राहतो, रात्री लघवीला उठताना पाय अडखळतो. आणि ज्या घरात दुखण्यासाठी मॉर्फिन चालू आहे, तिथं डॉक्टरांना न विचारता ही गोळी वाढवायचीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. दारूसोबतही तेच. तुमच्या आईची क्लोनाझेपाम आज एकदम बंद करू नका, दीड महिन्यानंतर एकदम थांबवलं तर झोप पार उडेल आणि घबराट वाढेल. चालू द्या, डॉक्टरांना दाखवा, ते पाव-अर्धी करत काही आठवड्यांत उतरवतील. खरं तर आईची झोप वाफांमुळं मोडते. वाफा कमी झाल्या तर झोपेची गोळी लागेलच असं नाही.

उदासीनतेची गोळी गुण आल्यावरही साधारण सहा महिने तरी घ्यावी लागते आणि मग हळूहळू सोडायची असते. लोक याला ‘सवय’ म्हणतात. मग ब्लडप्रेशरच्या गोळीला का म्हणत नाहीत?

केमोनं डोकं बिघडलं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांत साधारण सहामागे एकाला खरी उदासीनता येते. हा मनाचा आजार आहे, मनाचा कमकुवतपणा नाही, वेड तर नाहीच. पण कॅन्सरच्या माणसात ती ओळखणं अवघड असतं, कारण थकवा, भूक नसणं, झोप नसणं हे केमोनंही होतं. म्हणून मी भुकेपेक्षा नातीकडं बघते. जी नात मांडीवरून उतरत नव्हती, तिच्याशी बोलावंसं वाटत नाही. “मी घराले ओझं झाली” असं वाटतं. पुढं काही दिसत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर उपचार लागतो. तुमच्या पत्रात यातलं बरंच आहे. तरीही मन नावाच्या दारावर टकटक करण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या. मानेला शेक घेतलेल्या तोंडाच्या कॅन्सरवाल्यांत तर थायरॉईड हमखास विसरलं जातं. माणूस सुस्त होतो आणि घरचे म्हणतात, हिंमत हारला.

एक फरक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. कॅन्सरचा माणूस एका-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, रात्री भिंतीवर माणसं दिसू लागली, दिवस-रात्र कळेना, तर ती उदासीनता नव्हे आणि बाहेरचंही काही नव्हे. संसर्ग, सोडियम कमी होणं, कॅल्शियम वाढणं, लघवी अडणं, शौच तुंबणं, एखादी नवी गोळी, असं काहीतरी शरीरात घडलेलं असतं. त्याच दिवशी दवाखाना. तिथं हॅलोपेरिडॉल दिलं, तर पुन्हा मोबाइल काढू नका, तेही नावानं मानसिक आजाराचंच दिसेल.

आईला खरं सांगा. ‘ताकदीची गोळी’ म्हणून तुम्ही दिलीत, पोरीनं नाव वाचलं, आणि तेव्हापासून आई तुमच्या हातची प्रत्येक गोळी संशयानं बघते. उद्या ती टॅमॉक्सिफेनही थुंकून टाकेल. ज्या बाईनं छाती कापू दिली, तिच्यापासून एका गोळीचं नाव काय लपवता? म्हणा, “आई, टॅमॉक्सिफेननं तुह्या अंगात वाफा येते, झोप मोडते, अन् एवढं सोसून मन बी खचते. या गोळीनं दोन्ही कमी होते. तू येडी नाहीस, थकली आहेस.” आणि मग गप्प बसा. ती काय म्हणते ते ऐका. कदाचित ती गोळीबद्दल बोलणारच नाही, ब्लाउजबद्दल बोलेल, नाहीतर केसांबद्दल, नाहीतर तिच्यापायी कर्ज झालं त्याबद्दल. त्यावर लगेच “काही नाही होत” म्हणू नका. गोळी मनाला उभं राहायला टेकू देते, बोलायचं काम माणसांनाच करावं लागतं. सून रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्यासोबत मारुतीच्या पारापर्यंत चालून आली तर तेही औषधच आहे. पहिल्या अर्थाचं.

बाबांना बहिणीच्या लग्नाची काळजी आहे. मी हसणार नाही, गावात राहून हसणं परवडत नाही. पण पाहायला येणाऱ्यांना आईची गाठ तशीही कळणारच आहे. त्यात मानसोपचाराचा कागद कोणी मागत नाही, आणि दवाखान्यानं तुमची माहिती बाहेर द्यायची नाही, असा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. हवं तर यवतमाळला न नेता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या, तिथं कॅन्सरचे डॉक्टर आणि मानसोपचाराचे डॉक्टर एकाच आवारात भेटतील. ओळखीचं कोणी दिसलं तर “गाठीच्या तपासणीला आलो” म्हणा, ते खोटंही नाही.

जाताना एक पिशवी करा. नागपूरची फाइल, तालुक्याची चिठ्ठी, घरातली सगळी पाकिटं, संपलेलीसुद्धा. अंगदुखीला गावातून आणलेली गोळीही त्यात टाका. तिच्यात ट्रॅमाडॉल असेल तर या नव्या गोळ्यांशी त्याचं जमत नाही. डायक्लोफिनॅक असेल तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ओंडान्सेट्रॉनसारखी उलटीची गोळी सोबत असेल तर डॉक्टरांना हृदयाची पट्टी काढून बघावीशी वाटेल. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं मोठं लिहा: ‘टॅमॉक्सिफेन चालू आहे’. इथून पुढं दात काढायला गेलात तरी ते पान आधी दाखवायचं.

व्हेनलाफॅक्सिन मिळालं तर आणखी एक. त्याचा एक दिवस जरी चुकला तरी काहींना गरगरतं, आणि घरच्यांना वाटतं गोळीनंच बिघडलं. पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढचं पाकीट आणून ठेवा. निंदण, फवारणी, मग पोळा. पोळ्याच्या दिवशी तालुक्याचं मेडिकल बंद असतं.